तृतीयेची भरती सव्वादोनला : कराड ते हेदवी, एका दिवसात

आदल्या आठवड्यात

गुहागरच्या घरगुती खानावळीत जेवण सांगायला फोन केला. पलीकडच्या काकांनी तारीख ऐकून घेतली आणि विचारलं, "तिथी कुठली येते त्या दिवशी?"

भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पौष वद्य तृतीया.

"मग साडेबाराला पानं मांडतो. जेवा आणि लगेच हेदवीला निघा. सव्वादोनला बामणघळीत, म्हणजे तिथल्या खडकातल्या चिरेत, पाणी भरेल. तीन त्रिक नऊ, भागिले चार."

मला काहीच उमगलं नाही, हे त्यांना फोनवरही कळलं असावं. त्यांनी सावकाश समजावलं. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं. उत्तर येईल तितक्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. फोन ठेवल्यावर मी मोबाईलवर भरती-ओहोटीचा तक्ता काढून पाहिला. काकांच्या सव्वादोनमध्ये आणि त्या तक्त्यात वीस-पंचवीस मिनिटांचाच फरक होता.

तोवर आमचा बेत चारचौघांसारखाच होता. पहाटे निघायचं, दिवसभर समुद्रावर राहायचं, सूर्यास्त बघायचा आणि रात्री परत यायचं. मी, आई, नाना म्हणजे माझे वडील, आणि माझी नऊ वर्षांची मीरा, असे चौघं. गाडी मीच चालवणार होते. नानांची एकच अट होती, की कुंभार्ली घाट अंधारात चढायचा नाही. आईला हेदवीच्या गणपतीचं दर्शन हवं होतं, पण दुसऱ्या दिवशी संकष्टी, आणि त्या गर्दीत तिला जायचं नव्हतं. म्हणून तृतीया.

काकांच्या फोननंतर मी कागद घेतला आणि बेत उलट बाजूने मांडला. सव्वादोनला हेदवी हा आकडा पक्का केला आणि त्यावरून मागे आणि पुढे मोजत गेले. एका दिवसात समुद्र गाठून परतायचं असेल तर मला आता हीच पद्धत बरोबर वाटते. आपण रजा काढतो, गाडी ठरवतो, डबे भरतो आणि समुद्र मात्र तिथे असेलच असं धरून चालतो. तो असतोच, पण कधी पायरीशी असतो, कधी पार लांब गेलेला असतो. त्याची वेळ आधी विचारावी, मग आपली ठरवावी.

आकडे मांडल्यावर एक गोष्ट लख्ख झाली. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. गुहागरहून घाटाच्या पायथ्याशी यायला दोन तास. म्हणजे किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि उजेडातला घाट या दोन्ही गोष्टी जमणार नव्हत्या. सूर्यास्त सोडला. मीराचे डोळे भरले, पण नानांच्या अटीपुढे मी तिचं ऐकलं नाही.

कराड, सकाळी साडेसहा

पाचला निघायचा मोह आवरला, कारण हा उसाचा हंगाम. कराड-पाटण रस्त्यावर पहाटे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नसते. त्यात नदीकाठचं धुकं. झुंजूमुंजू झाल्यावर निघालात तर दीड तास जातो, पण समोरचं दिसतं.

या प्रवासाची एक सोय आधी कुणी सांगितली नव्हती. सकाळी आपण पश्चिमेला जातो तेव्हा सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी पूर्वेला परततो तेव्हाही तो पाठीशीच. दिवसभर समोरून डोळ्यांवर ऊन नाही. देशावरून कोकणात उतरणाऱ्या सगळ्याच रस्त्यांना हे लागू आहे.

निघताना नाना म्हणाले, "जरा संगमावरून घे." प्रीतिसंगमावर धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. कृष्णेचा पुढचा प्रवास थेट आंध्रात, बंगालच्या उपसागरापर्यंत. नानांनी मीराला पायरीवर उभं करून डावीकडे-उजवीकडे हात दाखवले आणि म्हणाले, "आज आपण या कोयनेला उलटं जायचं. ती येते तिकडून, आपण जायचं तिकडं." सहलीच्या कागदावर हे नव्हतं. पण दिवसभर आमचा रस्ता खरंच त्या पाण्याबरोबर गेला.

वारुंजी फाटा, निसरे, मल्हारपेठ, नवारस्ता. एकीकडे तोडणी चाललेला ऊस, दुसरीकडे डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या. पाटणच्या पुढे दरी आवळत येते आणि नदी रस्त्याला चिकटते. एका टपरीपाशी थांबून आईने धपाटी आणि शेंगांची चटणी काढली. टपरीवाल्या मावशींनी चहाबरोबर न मागता दह्याची वाटी पुढे केली आणि पैसे देताना त्याचे वेगळे घेतले नाहीत. "पोरगी आहे बरोबर," एवढंच म्हणाल्या.

हेळवाक आणि कोयनानगर

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या आड राहून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला येते. हेळवाकला ती एकदम काटकोनात पूर्वेकडे वळते. या वळणावर उभं राहिलं तर अरबी समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे, आणि नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या समुद्राकडे निघते.

नाना या गावात वाढले. आजोबा धरणाच्या कामावर मजूर होते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट नानांनी आजवर मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली होती. या वेळी त्या जागेवर उभं राहून सलग सांगितली. चार वाजून वीस मिनिटांचा सुमार. ते सहा वर्षांचे. आधी जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड त्यांच्या अंथरुणाशेजारी कोसळली. त्यांना आठवतं ते आजीने एका हाताला धरून फरफटत बाहेर काढलं ते, आणि बाहेर थंडीत सगळं गाव एकमेकांना नावानं हाका मारत होतं ते. ६.५ च्या आसपास तीव्रतेचा तो भूकंप. दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. पुढे त्याला मजबुती दिली. "आम्ही कितीतरी महिने मांडवात झोपलो," नाना म्हणाले, "घरात झोपायला आई तयारच होईना."

मीराने विचारलं, "तुमचं घर कुठं होतं?" नानांनी रस्त्याच्या पलीकडे एका आंब्याच्या झाडाकडे बोट केलं. तिथे आता कुणाची तरी गोठ्याची शेड आहे. ते रस्ता ओलांडून गेले, झाडाच्या बुंध्याला हात लावून आले आणि गाडीत बसले. आईने त्यांना पाण्याची बाटली दिली.

धरण लांबूनच पाहिलं. १०३ मीटर उंच, आठशे मीटरांहून अधिक लांब, मागे शिवसागर जलाशय, १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचा. धरणाच्या परिसरात फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे फलक वाचून मगच मोबाईल बाहेर काढा. इथून पुढे पाण्याची दिशा बदलते, आणि हीच गोष्ट नानांना मीराला सांगायची होती. धरणात अडवलेलं सगळं पाणी कराडकडे येत नाही. बरंचसं बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पलीकडे पोफळीला जवळपास पाचशे मीटर खाली कोसळतं आणि वीज करून कोकणात निघून जातं. कृष्णा पाणीतंटा निवाड्याने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला निघालेली नदी माणसांनी अशी पश्चिमेला वळवली. आजोबांच्या हातातली पहार त्या कामावर होती.

कुंभार्ली घाट

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. कोकणच्या बाजूला कापसासारखं धुकं भरलेलं, त्यातून डोंगरांची टोकं तेवढी वर. वारा इतका गार की चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभे राहिलो. माकडं बॉनेटवर येऊन बसतात. खिडकीच्या काचा बंद ठेवा आणि हातात पिशवी घेऊन उतरू नका.

उतरताना मी चूक केली. वळणं अरुंद, समोरून ट्रक, आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच खाली आले. पोफळीच्या अलीकडे जळकट वास यायला लागला. नानांनी ताबडतोब गाडी बाजूला घ्यायला लावली. चाकांजवळ हात नेला तरी धग लागत होती. वीस मिनिटं थांबलो. चाकांवर पाणी ओतू नये, आपोआप निवू द्यावं, हे मला माहीत होतं. मुळात ही वेळ का यावी, ते मात्र दुपारी कळलं.

त्या वीस मिनिटांत हवा बदलल्याचं जाणवलं. स्वेटर निघाले. मीराच्या कानांत बसलेले दडे सुटले. झाडांचा वास वेगळा, ओलसर. पोफळीचं वीजघर जमिनीच्या पोटात आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे बाहेरून दिसण्यासारखं फारसं नाही. नाना रस्त्यावर पाय आपटून म्हणाले, "इथंच कुठंतरी खालून चाललंय." मीरा खरोखर वाकून रस्त्याला कान लावायला निघाली होती, तिला आवरलं.

पोफळी, शिरगाव, अलोरे, खडपोली. कोयनेचं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात थांबतं, अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. देशावरच्या नद्या जानेवारीत आटायला लागलेल्या असतात. इथे मात्र नदी भरून, थंड आणि वेगात चालली होती.

चिपळूण

डिझेल आणि टायरमधली हवा, एवढ्यासाठी थांबलो. गुहागरकडे पंप कमी लागतात, टाकी इथे भरून घ्या. शेजारच्या चहाच्या दुकानात भिंतीवर निळ्या रंगाची आडवी रेघ होती. मीरा तिच्याखाली उभी राहिली, तरी रेघ वरच राहिली. मी उभी राहिले, तरी वरच. दुकानदार म्हणाले, "२२ जुलै २०२१. भिंत दोनदा रंगवली, रेघ तेवढी राखली." पुराच्या दिवशी त्यांनी पोटमाळ्यावर रात्र काढली होती. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आम्हाला गुहागरच्या रस्त्यावरच्या खराब पट्ट्यांची माहिती दिली, आणि ती अगदी बरोबर निघाली.

गुहागर, पावणेबारा

मिरजोळी, रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी. लाल माती, काजूची झाडं, मधूनच दगडी गडगे. मोडकाआगर ओलांडलं की हवेला खारटपणा येतो. व्याडेश्वराच्या देवळात पाच मिनिटं टेकलो आणि तिथून चालतच समुद्रावर गेलो. अनेक कोकणस्थ घराण्यांचं हे कुलदैवत. आमचं नाही, पण त्या थंडगार सभामंडपात बसल्यावर घाटातल्या ब्रेकची धास्ती उतरली.

गुहागरचा किनारा लांबच लांब, पांढरट वाळूचा, मागे सुरूची रांग. भरती चढत होती. मीरा चपला काढून धावली आणि लाट पायाला लागताच तशीच थांबली. मग तिने बोट बुडवून चाटलं, आणि नानांना ओरडून विचारलं, "हे पण कोयनेचं?" वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, इथून थोडी उत्तरेला. नाना म्हणाले, "थोडं असेल की." त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती. मी त्यांना पाण्यात उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

साडेबाराला पानं. फोनवरचे काका सत्तरीचे, बारीक अंगाचे, खांद्यावर पंचा. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हत्या, पण वाढायला काय कमी पडतंय ते आतूनच ओळखत होत्या. कडव्या वालांचं बिरडं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ओल्या नारळाची चटणी, सोलकढी आणि उकडीचा मोदक. बिरड्यातले वाल सोललेले आणि तरी अखंड होते. काकूंनी ते रात्री भिजवून, मोड आणून, एकेक सोलले होते. आईने त्यांना आत जाऊन विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चार माणसांचं असेल तरच करते, चाळीसांचं कुणी सांगितलं तर नाही म्हणते." अशा घरांत आदल्या दिवशी पानं सांगावीच लागतात. आयत्या वेळी गेलात तर वरणभात मिळेल, बिरडं नाही.

काका निवृत्त एसटी ड्रायव्हर निघाले. घाटातल्या वासाचं ऐकल्यावर त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "बाळा, ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं. कुंभार्ली चढायला दुसरा लागतो ना? मग उतरताना पण दुसराच. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता. पाय ब्रेकवर ठेवून बसलं की ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही." हे मला ड्रायव्हिंग शिकताना कुणी एवढ्या सरळ सांगितलं नव्हतं. घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य पाठ करावं.

दीड वाजताच त्यांनी आम्हाला उठवलं. "सुपारी गाडीत खा. पाणी थांबत नाही."

हेदवी

पालशेतवरून वेळणेश्वरच्या बाजूने जाणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, पण पाऊण तास धराच. समोरून गाडी आली तर एकाला थांबावं लागतं. मधूनच नारळींच्या फटीतून समुद्र दिसतो आणि पुन्हा डोंगराआड जातो.

बेतात आधी देऊळ होतं. पण घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. आईच म्हणाली, "गणपती कुठं जात नाही. आधी पाणी." म्हणून थेट उमामहेश्वराच्या देवळाशी गेलो आणि खडकांवरून चालत बामणघळीकडे निघालो.

बामणघळ म्हणजे समुद्राच्या बाजूने काळ्या खडकात पडलेली उभी चीर. रुंदी थोडीच, खोली बरीच. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, आत कोंडतं आणि वर उसळतं. आम्ही लांबच एका सपाट खडकावर बसलो. पहिल्या दोन-तीन लाटांना काहीच झालं नाही, नुसती खळखळ. मीराने माझ्याकडे पाहिलं. मग एक लाट आत गेली आणि आधी आवाज आला, रिकाम्या रांजणात कुणी फुंकावं तसा. पाठोपाठ चिरेतून गार हवेचा झोत तोंडावर आला. त्यानंतर फेस दिसला, आणि फेसाच्या खालून हिरवं पाणी सरळ उभं राहिलं, माणसाच्या उंचीएवढं. क्षणभर थांबलं आणि खडकावर विखुरलं. आम्ही बसलो होतो तिथपर्यंत तुषार आले.

पावसाळ्यात हे पाणी खूप उंच जातं म्हणतात. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, त्यामुळे प्रत्येक लाट उसळत नाही. पाच-सहा लाटांनंतर एखादी मोठी येते. त्या मोठीची वाट बघण्यातच सगळी गंमत आहे. आवाज आला की मीरा श्वास रोखायची. तिने सातच्या सात मोठ्या लाटा मोजल्या.

चार तरुण पोरं मोबाईल घेऊन अगदी कडेला गेली तेव्हा कोकम सरबत विकणाऱ्या एक आजी काठी आपटत उठल्या. "मागं व्हा! आईला फोटो पाठवायचाय की निरोप?" पोरं मुकाट्याने मागे आली. इथे खडक शेवाळाने गुळगुळीत असतात आणि मोठी लाट कुठली हे आधी कळत नाही. रबरी तळाच्या चपला घाला, मुलांचा हात सोडू नका आणि कडेपासून दूर बसा. दुरूनही सगळं दिसतं आणि जास्त चांगलं ऐकू येतं.

अडीचनंतर उसळणं मंदावलं. सव्वादोनच्या मागेपुढे अर्धा तास, एवढाच तो खेळ. आम्ही तासभर उशिरा पोचलो असतो तर एक ओली चीर बघून परतलो असतो.

मग दशभुज लक्ष्मीगणेश. टेकडीवर, तटबंदीसारख्या आवारात, झाडांच्या सावलीत शांत देऊळ. दहा हातांची पांढरीशुभ्र मूर्ती. दर्शनाला आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं. आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली. तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही. परतताना आजींकडून कोकमाच्या दोन बाटल्या घेतल्या. या बाजूला रोख पैसे जवळ ठेवा, रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.

परतीचा घाट

हेदवीहून तीनला निघालो. पावणेपाचला चिपळूण, साडेपाचला पोफळी. उजेड भरपूर होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी शांत चढत होती. नाना खुशीत होते, सगळं ठरल्याबरहुकूम चाललं होतं.

अर्ध्या घाटात रांग लागली. वरच्या वळणावर ट्रकचं चाक निखळलं होतं आणि एकच बाजू मोकळी होती. चिपळूणहून कराडला निघालेल्या एसटीच्या कंडक्टरने शिट्टी घेऊन वाहतूक हातात घेतली होती, पाच गाड्या वरच्या, पाच खालच्या. आमचा नंबर यायला तास लागणार होता. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले आणि उतरलो. एसटीतल्या बायका कठड्याशी उभ्या होत्या. त्यातल्या एकीने आईला चिकूची पिशवी दिली, आईने तिला उरलेली धपाटी. पाच मिनिटांत दोघी सुनांबद्दल बोलत होत्या.

मीराने माझी ओढणी ओढली. "आई, तिकडं."

खाली कोकण पसरलं होतं, एकामागे एक निळ्या होत गेलेल्या टेकड्या. सूर्य शेवटच्या टेकडीच्या हातभर वर. समुद्र दिसत नव्हता, पण तिथेच कुठेतरी होता. कुणी काही बोललं नाही, कंडक्टरची शिट्टीही थांबली होती. सूर्य आधी केशरी, मग तांबडा, मग कडेने चपटा होत टेकडीला टेकला. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून सोळा मिनिटं. आठवड्यापूर्वी मी तिच्याकडून काढून घेतलेला सूर्यास्त तिला या कठड्याशी मिळाला.

उरलेला घाट अंधारातच चढावा लागला. नाना पूर्ण वेळ पुढे वाकून रस्ता बघत होते, पण अट मोडल्याचं एकदाही बोलले नाहीत. अंधारात घाट चढायची वेळ आलीच, तर रस्त्यावरच्या फांद्या आणि दगडांकडे लक्ष ठेवा. बंद पडलेल्या गाडीमागे इशारा म्हणून लावतात आणि गाडी निघून गेल्यावर उचलायचे राहून जातात. आम्हाला दोन ठिकाणी लागले. दोन्ही वेळा नाना उतरून ते बाजूला टाकून आले.

पाटणच्या पुढे

कोयनानगर, हेळवाक, पाटण. आता नदी आमच्याबरोबर होती, ती कराडकडे आणि आम्हीही. मागच्या सीटवर आई आणि मीरा झोपल्या असं मला वाटत होतं. साडेआठ वाजून गेले होते. नवारस्त्याच्या अलीकडे रस्ता सरळ झाला आणि समोरच्या डोंगरामागून चंद्र वर आला, एका बाजूने थोडा खाल्लेला, पिवळा, मोठा.

नाना म्हणाले, "बघ, ह्यानंच दुपारी पाणी चढवलं."

मागून मीराचा आवाज आला, अर्धवट झोपेतला. "उद्या चतुर्थी ना? चार त्रिक बारा. भागिले चार." थोडा वेळ शांतता. "उद्या तीन वाजता येईल पाणी."